द्राक्षगटाची ऑडिओ रूम: पहिल्यांदा चालवणाऱ्यांसाठी

फळछाटणी (द्राक्षवेलीची फळ धरण्यासाठीची छाटणी) झाली की तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ पट्ट्यातल्या द्राक्षगटांमध्ये, म्हणजे बागायतदारांच्या फोनवरच्या गटांमध्ये, व्हॉइस मेसेजचा पाऊस पडतो. एकच प्रश्न दहा जण विचारतात, सल्लागार दहा वेळा उत्तर देतात आणि ज्याला ते हवं असतं त्याला नेमकं सापडत नाही. अशा वेळी आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, सव्वा तासाची थेट ऑडिओ रूम फार कामाची ठरते. एक जाणकार बोलतो, शंभर जण कामं करता करता ऐकतात, पंधरा जणांचे प्रश्न सुटतात. चेहरा दाखवायचा नाही, प्रवास नाही, हॉलचं भाडं नाही.

तरीही बहुतेक गटांची पहिली रूम "हॅलो, आवाज येतोय का?" यातच संपते. लोकांना बोलता येत नाही असं नसतं. अ‍ॅपमध्ये जी सोय आधीच दिलेली असते ती सुरू केलेली नसते, एवढंच कारण असतं. म्हणून आधी ही रचना समजून घ्या, मग बटणांकडे वळा.

१. रूमची रचना समजून घ्या

आज जवळपास सगळीकडे दिसणारा साचा क्लबहाऊस या अ‍ॅपनं रूढ केला. ते २०२० मध्ये आयफोनवर आलं, मे २०२१ मध्ये अँड्रॉइडवर. वर मंच, खाली श्रोते. मंचावरच्यांचाच माईक चालतो. श्रोत्याला बोलायचं असेल तर तो हात वर करतो आणि यजमान त्याला वर घेतो. बाहेर पडताना कुणाला कळत नाही, तिथल्या बटणावरच शांतपणे निघा असं लिहिलेलं होतं. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण शेतकऱ्यांच्या रूममध्ये ती फार मोलाची आहे. मोटर बंद करायला, गाईला वैरण टाकायला माणूस मध्येच उठतो आणि परत येतो. त्यात कुणाचा अपमान होत नाही, कुणाचं बोलणं तुटत नाही.

याउलट व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप कॉल म्हणजे पारावरची बैठक. तिथं सगळे सारखे. मर्यादा ३२ जणांची. एकाचा माईक दुसऱ्यानं बंद केला तरी तो स्वतः पुन्हा चालू करू शकतो. याला आपण मऊ म्यूट म्हणू. टेलिग्राममध्ये अ‍ॅडमिननं म्यूट केलं की त्या माणसाला स्वतःहून माईक चालू करता येत नाही, हात वर करून परवानगीच घ्यावी लागते. हा कडक म्यूट. दहा-बारा ओळखीची माणसं असतील तर मऊ म्यूट पुरतो. त्यापुढे कडक म्यूट नसेल तर रूम हाताबाहेर जाते. एखाद्याचा फोन खिशात असतो, माईक चालू असतो आणि शंभर जणांना त्याच्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकावा लागतो. त्याला सांगावं तरी कसं? तो फोनकडे बघतच नसतो.

२. अ‍ॅप निवडा

द्राक्षगटासाठी टेलिग्राम घ्या. कारणं तीन. श्रोते आणि बोलणारे वेगळे ठेवता येतात. रेकॉर्डिंगची सोय अ‍ॅपमध्येच आहे. आणि सदस्याचा फोन नंबर इतरांपासून लपवता येतो. बागेत राबणाऱ्या बायका गटात याव्यात असं खरंच वाटत असेल, तर तिसरं कारण सगळ्यात मोठं आहे. व्हॉट्सअ‍ॅप गटात नंबर सगळ्यांना दिसतो, आणि रात्री अकराला येणाऱ्या अनोळखी फोनच्या भीतीनं कितीतरी जणी गटात येतच नाहीत.

एक्सवरचं (पूर्वीचं ट्विटर) स्पेस हे चावडीवरचं भाषण. कुणीही येऊन ऐकतो, एका वेळी यजमान आणि सहयजमान धरून १३ जणच बोलू शकतात. बाजारभाव, बेदाण्याचं धोरण, विम्याचे प्रश्न अशा जाहीर विषयाला ते चांगलं. औषधाच्या सल्ल्याला नको. डिस्कॉर्डचं स्टेज चॅनेल रचनेनं उत्तम आहे, पण गटातल्या साठीच्या अण्णांना आधी डिस्कॉर्ड शिकवावं लागेल. तो वेळ बागेला द्या.

एक सावधगिरी. ऑडिओ रूमच्या सोयी बंद पडण्याचा इतिहास ताजा आहे. स्पॉटिफाय लाईव्ह आणि रेडिट टॉक दोन्ही २०२३ मध्ये बंद झाली. त्यामुळे अ‍ॅप कुठलंही असो, रेकॉर्डिंग आणि टिपणं स्वतःकडे उतरवून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

३. काय काय लागतं

- यजमानासाठी एक फोन आणि सहयजमानाकडे दुसरा. दोघांची सिमकार्डं वेगवेगळ्या कंपन्यांची असावीत, म्हणजे एक टॉवर गेला तरी रूम चालते.
- वायरचा, माईक असलेला साधा इअरफोन. जाणकारासाठी एक आणि यजमानासाठी एक.
- वाय-फाय असेल तर राउटर इन्व्हर्टरवर घ्या. लाईट गेली की घरातले दिवे जातात ते चालतं, राउटर जाता कामा नये.
- वही-पेन. हात वर करणाऱ्यांचा क्रम वहीतच नीट राहतो.
- आजचा विषय, जाणकाराचं नाव आणि नियम लिहिलेला कागद, समोर चिकटवून.
- निर्यातीच्या बागांवर बोलणार असाल तर राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानं (मांजरी, पुणे) दिलेली शिफारशीत औषधांची चालू हंगामाची यादी, छापून. गेल्या वर्षीची नको.

ऐकणाऱ्यांना यातलं काही लागत नाही. डेटाचीही काळजी नको. बोलण्याचा आवाज साधारण ३२ किलोबिट प्रतिसेकंद या वेगानं येतो असं धरलं, तर तासाला १४–१५ एमबी होतात. डेटा ज्या छोट्या पाकिटांतून येतो त्यांचा वरखर्च धरून २५ एमबीच्या आसपास समजा. हे गटात आधीच लिहून टाका, कारण "नेट संपेल" या धाकानं बरेच जण आत येत नाहीत.

४. माणसं नेमा

एकट्यानं रूम चालवू नका. तीन माणसं हवीत. यजमान बोलतो आणि वेळ सांभाळतो. सहयजमान बोलत नाही. तो हात वर केलेल्यांना माईक देतो, काम झालं की काढून घेतो आणि कुणाचा आवाज लहान असेल तर वाढवतो. टेलिग्राममध्ये अ‍ॅडमिननं एखाद्याचा आवाज कमी-जास्त केला की तो सगळ्यांसाठीच बदलतो, ही सोय फार थोड्यांना माहीत असते. तिसरा लिहिणारा. जाणकार जो आकडा सांगेल तो त्याच मिनिटाला गटात टाइप करायचा, बस्स. हे काम बारावीतल्या मुला-मुलीला द्या, त्यांचा हात वेगात चालतो.

जाणकाराला या तिन्हीतलं एकही काम देऊ नका. उत्तराचा विचार करायचा आणि त्याच वेळी कुणाचा हात वर आहे ते बघायचं, हे कुणालाच जमत नाही.

५. टेलिग्राममधली मांडणी

यातली पहिली दोन कामं रूमच्या आदल्या दिवशीच करून ठेवा.

पहिलं, गटाच्या अ‍ॅडमिन यादीत सहयजमानाला घ्या आणि त्याला व्हिडिओ चॅट सांभाळण्याची परवानगी द्या. हे विसरलं तर ऐन वेळी त्याच्याकडे म्यूटचं बटणच नसतं.

दुसरं, गटाच्या नावावर बोट ठेवून आत जा, व्हिडिओ चॅटचा पर्याय निवडा आणि ती आत्ता सुरू न करता पुढच्या वेळेसाठी ठरवून ठेवा. म्हणजे गटात वर वेळ दिसते आणि लोकांना आठवण लावून घेता येते. इथं नव्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. बटणावर व्हिडिओ असं लिहिलेलं असतं, त्यामुळे आपला चेहरा दिसणार असं वाटून लोक मागं फिरतात. कॅमेरा तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय चालू होत नाही. हे वाक्य निमंत्रणात जसंच्या तसं घाला.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: रूम सुरू झाल्या झाल्या, लोक आत येण्याआधी, तीन ठिपक्यांच्या यादीत जाऊन नवीन येणारे म्यूट असतील असा पर्याय निवडा. वीस जण आत आल्यावर हा बदल केला तर आधी आलेल्यांचे माईक मोकळेच राहतात आणि एकेकाला बंद करत बसावं लागतं. म्हणून यजमानानं पाच मिनिटं आधी रूम उघडायची, हे एक काम उरकायचं आणि मगच गटात सांगायचं.

चौथं, रूमचं शीर्षक बदला. आपोआप गटाचंच नाव येतं, त्यातून काही कळत नाही. "फुलोऱ्यातला डाऊनी – बुध. ८:३०" असं छोटं लिहा (डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा केवडा रोग). फोनच्या पट्टीवर पहिले चार-पाच शब्दच दिसतात, म्हणून विषय सुरुवातीला आणि "द्राक्ष बागायतदार बंधूंसाठी विशेष मार्गदर्शन" वगैरे अजिबात नको.

गट सार्वजनिक असेल तर बोलणाऱ्यांचा दुवा आणि ऐकणाऱ्यांचा दुवा असे दोन वेगळे दुवे मिळतात. बोलणाऱ्यांचा दुवा फक्त जाणकाराला पाठवा. तो चुकून मोठ्या गटात गेला तर ज्यानं त्यानं मंचावर चढायचं मोकळं रान होतं.

सदस्यांना एक काम सांगा: आपल्या प्रोफाइलच्या परिचयात गाव, द्राक्षाची जात आणि छाटणीची तारीख लिहा. टेलिग्राम रूममध्ये नावाखाली हा परिचय दाखवतो. "कवठेएकंद, सुपर सोनाका, १२ ऑक्टो." एवढं दिसलं की हात वर केलेल्यांतून कुणाला आधी घ्यायचं ते लगेच ठरवता येतं. त्याच वेळी गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये जाऊन फोन नंबर कुणालाच दिसू नये असंही करून घ्या.

६. आवाजाची चाचणी

एक दिवस आधी जाणकाराबरोबर दहा मिनिटं घ्या. खालच्या पाचपैकी एक तरी दोष सापडतोच.

ब्लूटूथचा इअरफोन. गाणी ऐकताना गोड वाटणारा हाच इअरफोन माईक सुरू करताच डबा वाजवल्यासारखा होतो. कारण असं की गाणी एका पद्धतीनं येतात आणि माईक लागला की ब्लूटूथ फोनकॉलच्या जुन्या, अरुंद पद्धतीवर उतरतं. इअरफोन महागाचा घेतला तरी हे पूर्ण जात नाही. बोलणाऱ्यानं वायरचाच वापरावा. ऐकणाऱ्यानं ब्लूटूथ वापरलं तर हरकत नाही.

घुमणारा आवाज. एका खोलीत दोन फोन रूममध्ये असतील आणि एकाचा स्पीकर चालू असेल तर आवाज गोल फिरतो. यजमान आणि सहयजमान एकाच घरात बसणार असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत बसा, नाहीतर दोघंही इअरफोन लावा. मुलगा बाहेरच्या खोलीत त्याच्या फोनवर तीच रूम ऐकत असतो, तेही तपासा.

फोनकॉल. रूम चालू असताना फोन आला की माईक अडतो. उपाय सोपा आहे: वाय-फाय असेल तर आधी फोन विमान मोडवर टाका आणि मग वाय-फाय चालू करा. वाय-फाय कॉलिंगचं सेटिंगही बंद करा, नाहीतर त्या वाटेनं फोन येतोच.

स्क्रीन बंद झाली की रूम तुटणं. बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेलं अ‍ॅप बंद करतात. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, टेलिग्राम, बॅटरी असं जाऊन निर्बंध काढून टाका. हे ऐकणाऱ्यांनाही सांगा. "मला दर पाच मिनिटांनी बाहेर टाकतंय" ही तक्रार बहुतेक वेळा याचमुळे असते, रेंजमुळे नव्हे.

जागा. फरशी आणि मोकळ्या भिंती असलेल्या बैठकीत आवाज घुमतो. गाद्या, कपडे असलेली झोपायची खोली बरी. पंखा अंगावर नको. अ‍ॅपमधली आवाज गाळायची सोय पंख्याची संथ घरघर कमी करते, पण माईकवर आदळणारा वारा तिला आवरत नाही. वायरच्या इअरफोनचा माईक शर्टाच्या कॉलरवर घासतो, तो दोन बोटांत धरा किंवा चिमट्यानं लावा. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या जाणकाराची रूम पावसाच्या दिवशी ठेवू नका, एवढा विचार करावाच लागतो.

७. वेळ ठरवा

डेअरीत दूध घालून आणि जेवून माणूस मोकळा होतो तो साडेआठला. तीच वेळ बरी. पण आपल्या भागातल्या शेतीपंपाच्या लाईटचं वेळापत्रक आधी बघा. ज्या आठवड्यात थ्री फेज रात्रपाळीची असेल त्या आठवड्यात लोक मोटरीकडे पळतात. तेव्हा रूम दिवसा, दुपारी अडीचला ठेवा किंवा वार बदला. सव्वा तासापेक्षा लांबवू नका. तासानंतर ऐकणारे कमी व्हायला लागतात आणि उरतात ते वाद घालणारे.

८. पहिली दहा मिनिटं

ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही, आणि निम्मे लोक उशिरा येतात. ही दोन वाक्यं यजमानानं कायम डोक्यात ठेवायची. सुरुवात अशी करा:

"नमस्कार. बुधवार, रात्रीचे साडेआठ. आजचा विषय फुलोऱ्यातला डाऊनी. आपल्यासोबत सर आहेत. सगळ्यांचे माईक बंद आहेत, ते तसेच असू द्या. प्रश्न असेल तर खालच्या बटणावर बोट ठेवा, हात वर होईल. आपण रेकॉर्डिंग करतोय, कुणाची हरकत असेल तर आत्ता गटात लिहा."

दर पंधरा मिनिटांनी याचंच तीन वाक्यांचं रूप पुन्हा म्हणा: "आत्ता आलेल्यांसाठी सांगतो..." आधीपासून बसलेल्यांना कंटाळा येत नाही, त्यांनाही पाणी प्यायला तेवढीच उसंत मिळते.

बोलणाऱ्यानं प्रत्येक वेळी आधी नाव सांगावं. एकाच रूममध्ये तीन पाटील असतात, आणि फोन खिशात ठेवून डबे उचलणारा माणूस स्क्रीनवर कुणाचं वर्तुळ चमकतंय ते बघत नाही.

एकमेकांवर बोलणं होतं त्याचं कारणही समजून घ्या. दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आवाज एका बाजूकडून दुसरीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला तर संभाषण नैसर्गिक वाटतं. कमकुवत रेंजमध्ये हा वेळ सहज वाढतो. मग समोरचा थांबला असं वाटून दोघंही एकदम सुरू होतात, दोघंही थांबतात, पुन्हा दोघंही सुरू होतात. त्यावर इलाज एकच: समोरच्याचं वाक्य संपल्यावर मनात एक-दोन मोजा, मग बोला. आणि "सांगा सर", "थांबा दादा, आधी अण्णा" असं नाव घेऊनच पाळी द्या.

९. प्रश्न घ्या: इथंच सगळी कसोटी

प्रश्नाचा साचा ठरवून द्या: गाव, जात, छाटणीनंतरचे दिवस, काय दिसतंय, शेवटची फवारणी कधी आणि कशाची. पाच गोष्टी, अर्धं मिनिट. "सर, बाग खराब झालीय, काय मारू?" या प्रश्नाचं उत्तर कुठलाच जाणकार देऊ शकत नाही, आणि दिलंच तर ते ऐकू नये.

पानाचा डाग आवाजातून दिसत नाही. म्हणून फोटो संध्याकाळी साडेसातपर्यंत गटात मागवा: पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि घड. लिहिणाऱ्यानं त्यांना एक, दोन, तीन असे क्रमांक द्यायचे. मग रूममध्ये "फोटो चार बघा सर" एवढं पुरतं.

आता मराठीतला खास धोका. खराब रेंजवर दीड आणि अडीच हे शब्द ऐकायला एकच वाटतात. पहिलं अक्षर तुटलं की "अडीच" मधला "डीच" उरतो आणि "दीड" च्या जागी बसतो. एकोणचाळीस आणि एकोणपन्नास, सदतीस आणि सदुसष्ट यांचीही तीच गत. मात्रेचा आकडा चुकला तर घडाचं नुकसान होतं, निर्यातीच्या मालात औषधाचे अंश सापडतात. म्हणून औषधाचा प्रत्येक आकडा तीनदा झाला पाहिजे: जाणकार सांगेल, यजमान फोडून म्हणेल, लिहिणारा टाइप करेल. असं:

"पलूसचे दादा, माईक सुरू करा."

"नमस्कार सर. गाव पलूस, सोनाका, छाटणीला एक्केचाळीस दिवस झाले. पानावर तेलकट डाग, मागं पांढरी बुरशी. फवारणी चार दिवसांपूर्वी."

"एक्केचाळीस, म्हणजे चार-एक, बरोबर?"

"बरोबर."

सर उत्तर देतात, शेवटी म्हणतात, "दीड ग्रॅम."

"दीड, म्हणजे एक पॉइंट पाच. लिटरला की एकराला, सर?"

"लिटरला."

"एक पॉइंट पाच ग्रॅम, एक लिटर पाण्याला. लिहिलं का? लिहिलं. दादा, माईक बंद करतोय, तुम्ही राहा ऐकायला."

यातला "लिटरला की एकराला" हा प्रश्न विचारायला यजमानानं कधीच लाजू नये. जाणकाराला ते इतकं सवयीचं असतं की तो सांगत नाही, आणि नव्या बागायतदाराला विचारायचा संकोच वाटतो. जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिड, हे वाढीचं संजीवक) बाबतीत बोलणं पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग असं होतं, तिथं तर हिशेबच करून दाखवा: १० पीपीएम म्हणजे १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम शुद्ध घटक. फुलोऱ्याच्या आसपासच्या रूममध्ये हे वाक्य दर वेळी म्हटलं तरी जास्त होत नाही.

औषध सांगताना आधी घटकाचं नाव, मग हवं तर व्यापारी नाव. आणि काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस हवेत ते, ज्याला सगळे पीएचआय म्हणतात, तो सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण धरायचं नाही.

माईक देताना एक चूक सगळे करतात. पुढच्या तिघांना एकदम माईक देऊन ठेवतात, वेळ वाचेल म्हणून. मग एकाच्या मागं रेडिओ, दुसऱ्याच्या मागं नातू. एका वेळी एकालाच द्या. पुढच्याचं नाव फक्त आधी पुकारा: "दादांनंतर कवठ्याच्या वहिनी, तयार राहा." बोलायचा संकोच असणाऱ्यांचे प्रश्न लिहून घ्या आणि यजमानानं वाचून दाखवा. दर तीन बोललेल्या प्रश्नांमागे एक लिहिलेला, असा क्रम ठेवला की मागच्या रांगेतलेही पुढं येतात. अनेक जणी दोन-तीन रूम लिहूनच विचारतात आणि मग एखाद्या बुधवारी त्यांचा हात वर दिसतो. त्या दिवशी पाळी मोडून त्यांना आधी घ्या.

१०. त्रास देणारे

दोन प्रकार येतात. एक, विकणारे. प्रश्नाच्या नावानं माईक घेतात आणि आपल्या औषधाची जाहिरात सुरू करतात. पहिल्या वाक्यातच माईक काढून घ्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, "इथं जाहिरात नाही, पुढचा प्रश्न घेऊ." ओळखीचा दुकानदार असला तरी हेच. एकदा भीड पडली की पुढच्या रूमला असे चार जण येतात.

दुसरे भांडणारे, जुना हिशेब काढणारे. त्यांना लगेच रूममधून काढू नका, म्यूट करून ऐकणाऱ्यांत ठेवा. काढलं की ते गटात लिहायला लागतात आणि लोक रूम सोडून तिकडे बघतात. शिवीगाळ झाली तर मात्र थेट बाहेर, गटातूनही, आणि कारण एका वाक्यात सांगून टाका.

रूम पूर्णच बिघडली, अनोळखी खाती घुसली, तर वाचवत बसू नका. बंद करा आणि पाच मिनिटांनी नवी उघडा. खरे ऐकणारे परत येतात.

११. रेकॉर्डिंग आणि नंतरचं टिपण

रेकॉर्डिंग यजमानानं सुरू करायचं. चालू असताना शीर्षकाजवळ लाल ठिपका दिसतो, पण फोन खिशात असलेल्याला तो कसा दिसणार? म्हणून तोंडी सांगणं सक्तीचं. थांबवल्यावर फाइल ज्यानं रेकॉर्डिंग सुरू केलं त्याच्या सेव्ह्ड मेसेजेसमध्ये येते, गटात आपोआप येत नाही. ती उतरवून तारीख आणि विषय असं नाव द्या. "ऑडिओ ००७" या नावाची फाइल पुढच्या हंगामात कुणालाच सापडणार नाही.

सव्वा तास कुणी पुन्हा ऐकत नाही. लिहिणाऱ्यानं फाइलसोबत मिनिटांची यादी द्यावी: "१२:४० पलूस, सोनाका, ४१ दिवस, डाऊनी", "२३:१५ मण्यांची विरळणी", अशी. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी आणि रेंज नसलेल्या मळ्यांसाठी सगळ्या आकड्यांचं एक लेखी टिपण करा. गटात टाकण्याआधी ते जाणकाराला दाखवून होकार घ्या आणि मग पिन करा.

आकडा चुकला असं नंतर लक्षात आलं तर नवा मेसेज टाकून भागत नाही, कारण जुना पुढे पुढे जातच राहतो. पिन केलेलं टिपणच दुरुस्त करा आणि वर "दुरुस्त" असं तारखेसह लिहा. ज्या प्रश्नकर्त्याला ते उत्तर दिलं होतं त्याला त्याच दिवशी फोन करा. रेकॉर्डिंगमधला तो भाग कापता येत असेल तर कापा. येत नसेल तर फाइल गटातून काढून टाका आणि टिपण तेवढं ठेवा.